ऑश्विट्झचा महिला वाद्यवृंद

जर्मनव्याप्त पोलंडमधील ऑश्विट्झ-बिर्केनाऊ छळछावणीत १९४३-४४ मध्ये कैदी स्त्रियांना घेऊन चालविलेला वाद्यवृंद. स्थापनेच्या महिन्याबाबत साधनांत एकवाक्यता नाही. काहींत एप्रिल, तर काहींत जून १९४३ असा उल्लेख येतो. वादकांची जमवाजमव आधी आणि प्रत्यक्ष वादन नंतर सुरू झाले असावे, असे मानल्यास दोन्हींचा मेळ बसतो. महिला छावणीची प्रमुख मारिया मांडल हिचा त्याला आश्रय होता. पहिली संचालिका पोलिश शिक्षिका झोफिया चायकोव्हस्का. ऑगस्ट १९४३ पासून व्हिएन्नाची व्हायोलिनवादक आल्मा रोझे. आल्मा ही संगीतकार गुस्टाफ माहलर यांची भाची.

सकाळी कामाच्या तुकड्या फाटकातून बाहेर पडताना आणि संध्याकाळी परतताना कूचगीते वाजविणे हे मुख्य काम. रविवारी मैफली होत. व्हायोलिन, मँडोलिन, गिटार, अकॉर्डियन अशी वाद्ये होती, पण खर्जाचे वाद्य नव्हते. ही उणीवच एका मुलीचा जीव वाचविणारी ठरली, म्हणून तिची हकिगत येथे थोडी विस्ताराने देणे आवश्यक आहे.

अनिता लास्कर (जन्म १७ जुलै १९२५) ही ब्रेस्लाऊच्या (आजचे व्रोत्स्वाफ) यहुदी वकिलाची मुलगी. एप्रिल १९४२ मध्ये आईवडिलांना नेण्यात आले. ते परतले नाहीत. कागदाच्या कारखान्यात राबताना अनिता आणि बहीण रेनाटे यांनी फ्रेंच युद्धकैद्यांसाठी बनावट कागदपत्रे तयार केली व स्वतःही तशाच कागदपत्रांवर पळून जाताना ब्रेस्लाऊ स्थानकावर पकडल्या गेल्या. शिक्षा झालेली गुन्हेगार म्हणून अनिता डिसेंबर १९४३ मध्ये तुरुंगातून ऑश्विट्झला आली. त्यामुळे इतर यहुद्यांची फलाटावर होई तशी कामासाठी की मृत्यूसाठी ही निवड तिच्या वाट्याला आली नाही. डोके भादरून हातावर ६९३८८ हा क्रमांक गोंदवला जात असताना ती सहज ‘मी चेलो वाजवते’ असे बोलून गेली. चेलो हे खर्जाचे तंतुवाद्य, म्हणजे नेमके हवे होते तेच. आल्माने तिची परीक्षा घेतली व तिला वाद्यवृंदाच्या बराकीत सामावून घेतले. काही दिवसांनी रेनाटेही छावणीत आली. एका कैदिणीच्या पायांतील लाल नाड्यांचे बूट अनिताचे आहेत, हे रेनाटेने ओळखले आणि त्यावरून बहिणींची भेट झाली.

आल्माचा मृत्यू (एप्रिल १९४४) वादग्रस्त आहे. विषप्रयोग, आत्महत्या आणि दूषित डबाबंद अन्न ही तीन कारणे सांगितली जातात. एका मेजवानीनंतर अचानक तिला डोकेदुखी, वांत्या व ताप सुरू झाला, हे पाहता शेवटचे कारण अधिक संभाव्य वाटते. हेतुपुरस्सर विषप्रयोगाला स्वतंत्र आधार नाही.

नोव्हेंबर १९४४ च्या सुरुवातीस यहुदी वादकांना जर्मनीतील बेर्गेन-बेल्झन छावणीत हलविले. तेथे वाद्यवृंद नव्हता, त्यामुळे वाद्याने दिलेले संरक्षणही संपले. उपासमार आणि टायफस मात्र होते. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश फौजांनी छावणी मुक्त केली. आल्माच्या हाताखालच्या बहुतेक जणी वाचल्या. अनिताने त्याच आठवड्यात बीबीसीवर जर्मन भाषेत साक्ष दिली, त्याच वर्षी बेल्झनच्या पहारेकऱ्यांवर ल्यूनेबुर्ग येथे चाललेल्या खटल्यात साक्षीदार म्हणून उभी राहिली आणि १९४६ मध्ये इंग्लंडला गेली. पुढे ती इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राच्या संस्थापक सदस्यांपैकी एक झाली. ३१ जानेवारी २०१८ रोजी तिने जर्मन संसदेत भाषण केले.

वाद्यवृंदातील एका गायिकेच्या आठवणींतून आल्माचे कठोर, स्वार्थी असे चित्र रूढ झाले. अनितासह अनेक सहवादकांनी त्याला जाहीर हरकत घेतली असून, आल्माच्या शिस्तीमुळेच आपण जगलो, असे त्यांचे म्हणणे आहे.