आपल्या संकेतस्थळावर एकाच कामाला किती नावे आहेत?

सन्माननीय ग्राहकहो,

लातूर व परिसरातील अडत दुकाने, कृषी सेवा केंद्रे आणि शिकवणी वर्ग यांची संकेतस्थळे तयार करताना आमच्या ध्यानात आलेली एक गोष्ट या पत्रकातून आपल्यापुढे ठेवत आहोत. संकेतस्थळाचे एकेक पान सुटे पाहिले तर बहुधा ठीकच दिसते. खोट उघडी पडते ती एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना, आणि मालक सहसा तसे जात नाहीत, गिऱ्हाईक जाते.

एका शिकवणी वर्गाचा चार पानी प्रवेश अर्ज आम्हीच तयार केला होता. पहिल्या तीन पानांवर खाली उजव्या हाताला ‘पुढे’ हे हिरवे बटण होते. चौथ्या पानावर नेमक्या त्याच जागी, त्याच हिरव्या रंगात ‘रद्द करा’ आले आणि ‘अर्ज पाठवा’ डावीकडे गेले. तीन पानांत अंगठ्याला जागेची सवय लागते, चौथ्यावरचे शब्द कोणी वाचत बसत नाही, त्यामुळे काही पालकांचा पूर्ण भरलेला अर्ज क्षणात पुसला गेला. ‘आमचंच काहीतरी चुकलं असेल’, असे ते म्हणत राहिले. चूक आमची होती.

अडत दुकानांच्या संकेतस्थळांवर हाच घोटाळा मापात होतो. सोयाबीनचा भाव पहिल्या पानावर क्विंटलला, नोंदणीत वजन किलोत आणि पावतीवर कट्ट्यांत दिसत असेल, तर शेतकरी हिशेब जुळवायला शेवटी फोनच करतो. तारखेचेही तसेच. एका पानावर दिवस आधी आणि दुसऱ्यावर महिना आधी असल्यास ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे, हे त्याने कसे ठरवावे?

अशी विसंगती कोणी मुद्दाम करत नाही. एक पान तयार साच्यातून आलेले असते, दुसरे वर्षभराने दुसऱ्याच माणसाने जोडलेले, तिसऱ्याचे घाईत मराठी केलेले. म्हणून एकाच कामाला कुठे ‘जतन करा’, कुठे ‘सेव्ह’, कुठे ‘साठवा’ असे होते. पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीला तर ती तीन निराळी बटणेच वाटू शकतात. एका कामाची ओळख सर्व पानांवर सारखी असावी, अशी अट वेबचे निकष ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेच्या २००८ सालच्या सुगम्यता निकषांतही, म्हणजे दिव्यांगांनाही संकेतस्थळ वापरता यावे यासाठीच्या निकषांतही आहे. पैसे भरण्याचे पान बहुधा दुसऱ्या कंपनीचे असल्याने त्याचे रूप आपल्या हाती नसते. तेथे जाण्याआधी तशी एक ओळ देणे मात्र हाती असते.

आपण एवढेच करावे: मोबाइलवरून, गिऱ्हाईक होऊन, एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करावे आणि वाटेत लागलेल्या प्रत्येक बटणावरचा शब्द, रंग व जागा कागदावर टिपावी. तो कागद घेऊन आमच्याकडे यावे. कोणता शब्द ठेवायचा हे मात्र आपणच सांगावे, कारण आपले गिऱ्हाईक क्विंटलला सरावलेले आहे की कट्ट्याला, हे आमच्यापेक्षा आपण अधिक जाणता.