घरगुती अंडी उबवणी यंत्र

फलित अंड्यांना कोंबडीऐवजी ठराविक उष्णता, ओलावा आणि मोकळी हवा पुरवून पिले काढण्याचे लहान यंत्र. बोलण्यात त्याला ‘इन्क्यूबेटर’ किंवा नुसते ‘मशीन’ म्हणतात. हीटर किंवा बल्ब, तो चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट, पंखा, पाण्याची ताटली आणि अंड्यांचा ट्रे हे त्याचे मुख्य भाग. घरगुती यंत्रात दहा-बारापासून शंभरेक अंडी मावतात.

गावाकडे हे काम खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसून राहणाऱ्या, कोंबडीचे. टोपलीत पेंढा घालून तिला दहा-बारा अंड्यांवर बसवतात आणि एकविसाव्या दिवशी पिले बाहेर येतात. पण कोंबडी केव्हा खुडूक होईल हे पाळणाऱ्याच्या हातात नसते. भरपूर अंड्यांसाठी पैदास केलेल्या व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींत ही प्रवृत्ती जवळजवळ उरलेली नाही. कडकनाथही फारशी खुडूक होत नाही. अशा वेळी यंत्राचा विचार येतो. ज्याला वर्षातून एकदाच थोडी पिले हवी आहेत त्याने यंत्रात पैसे घालू नयेत. पशुसंवर्धन विभागाच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांतून (उदा. पुण्यातील खडकी, कोल्हापूर, नागपूर) किंवा खाजगी हॅचरीतून एक दिवसाची पिले आणणे सोपे पडते.

कृत्रिम उबवण नवी नाही. प्राचीन इजिप्तमध्ये मातीच्या मोठ्या भट्ट्यांत अंडी उबवत आणि अंडे पापणीला लावून उष्णता जोखत. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७४९ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला आणि अंदाजाच्या जागी तापमापी आणली.

यश निम्मे अंड्यांवरच ठरते. दुकानातली पांढरी अंडी उबत नाहीत, कारण लेयर फार्मवर, म्हणजे खाण्याच्या अंड्यांसाठीच्या कोंबड्यांच्या फार्मवर, कोंबडा नसतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक निरोगी कोंबडा असलेल्या कळपातली, मध्यम आकाराची, न तडकलेली अंडी घ्यावीत. ती धुऊ नयेत. कवचावर जंतू रोखणारा नैसर्गिक थर असतो, तो निघून जातो. साठवण १५ ते १८ अंश सेल्सिअसला, निमुळते टोक खाली ठेवून, सात दिवसांपर्यंत. फ्रीज त्यासाठी फार थंड, तर आपल्याकडची उन्हाळ्यातली खोली फार गरम: तिशीच्या वर गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि दुबळा होऊन मरतो. म्हणून एप्रिल-मे मध्ये तीन-चार दिवसांपेक्षा जुनी अंडी मशीनमध्ये घालूच नयेत. मोराची किंवा रानपक्ष्यांची अंडी उचलणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

पंख्याच्या यंत्रात तापमान ३७.५ अंश हवे. पंखा नसेल तर वरची हवा जास्त तापते, म्हणून अंड्यांच्या माथ्याशी मोजून ते सुमारे एक अंश जास्त ठेवतात. कमी उष्णतेने पिले उशिरा निघतात. जास्त उष्णतेने मरतात. स्क्रीनवरच्या आकड्यावर विसंबू नये. घरातला तापाचा थर्मामीटर इथे उत्तम कामाला येतो, कारण ३७.५ अंश म्हणजे ९९.५ फॅरनहाइट, नेमके त्याच्या पट्टीतले. मात्र तो चढलेला आकडा धरून ठेवतो, त्यामुळे आतले कमाल तापमान सांगतो. अंडी ठेवण्यापूर्वी पूर्ण एक दिवस यंत्र रिकामे चालवून ही पडताळणी करावी.

बहुतेक खरेदीदार किती अंडी मावतात तेवढेच पाहतात. त्याआधी पाहायचे ते आपल्या गावचे हवामान. घरगुती यंत्राला तापवता येते, थंड करता येत नाही. विदर्भात मे महिन्यात खोलीच चाळिशीला गेली, तर हीटर बंद राहूनही अंडी शिजतात. शिवाय दुसऱ्या आठवड्यापासून वाढता गर्भ स्वतःही उष्णता सोडतो. तिथे उबवणीसाठी पावसाळा व हिवाळाच बरा, किंवा यंत्र घरातल्या सर्वांत गार खोलीत हवे.

ओलाव्याचेही तसेच. पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के आर्द्रता सांगतात. कोकणात जुलैमध्ये बाहेरची हवा ३० अंश आणि ८० टक्के असेल, तर तीच हवा यंत्रात ३७.५ अंशांपर्यंत तापल्यावर ५३ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे ताटलीत पाणी न घालताही भागते, आणि ‘पाणी कधी संपू देऊ नका’ ही माहितीपत्रकातली सूचना तंतोतंत पाळली तर पिले पाणावून गुदमरतात. उलट नागपूरच्या उन्हाळ्यात भरलेली ताटलीही कमी पडते. सगळ्यांत भरवशाची कसोटी वजनाची: उबवणीत अंड्याचे वजन अकरा ते तेरा टक्के घटायला हवे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा त्यासाठी पुरतो.

भारनियमनाची भीती असते, पण थोडी थंडी गर्भ सोसतो. खुडूक कोंबडीही दाणापाण्यासाठी रोज काही वेळ उठतेच. तास-दोन तास वीज गेली तर झाकण न उघडता यंत्रावर गोधडी घालावी, हवेची छिद्रे मोकळी ठेवून. रोजच वीज जात असेल तर इन्व्हर्टर किंवा १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारे यंत्र घ्यावे. थर्माकोलची पेटी ऊब छान धरते, मात्र नीट धुता येत नाही. प्लॅस्टिक धुता येते, पण पातळ भिंतीचे असेल तर लगेच गार होते.

अंडी फिरवली नाहीत तर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. हाताने फिरवायची तर एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल करून दिवसातून तीन किंवा पाच वेळा. विषम संख्येमुळे रोज रात्री अंडे वेगळ्या कुशीवर राहते. नोकरीवर जाणाऱ्याने आपोआप फिरवणाराच ट्रे घ्यावा. सातव्या दिवशी अंधारात मोबाइलचा टॉर्च लावून अंडी पारखतात: कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या दिसल्या तर गर्भ जिवंत, लाल कडे दिसले तर मेलेला, स्वच्छ दिसले तर अंडे अफलित.

अठराव्या दिवशी फिरवणे थांबवून आर्द्रता ६५ ते ७० टक्के करतात आणि झाकण बंद ठेवतात. कवचाला टोच मारल्यावर पिलू कित्येक तास, कधी दिवसभर, विश्रांती घेते. या वेळी मदत म्हणून कवच सोलण्याचा मोह फार होतो. त्यात रक्तस्राव होऊन पिलू दगावते. बाहेर आलेले पिलू पोटातल्या बलकावर दोन दिवस तग धरते, त्यामुळे ते सुकल्यावरच ३५ अंशांच्या ब्रूडरमध्ये (पिलांना ऊब देणाऱ्या पेटीत) हलवावे. निम्मे नर निघतील हे धरून चालावे, आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पहिल्याच आठवड्यात, पशुवैद्य सांगतील तशी द्यावी.

बदकाच्या अंड्यांना २८ दिवस लागतात, जपानी लाव्याच्या अंड्यांना १७-१८. वेगवेगळ्या मुदतीची अंडी एकाच वेळी घालू नयेत. न फुटलेली अंडी फेकण्याआधी फोडून पाहावीत. पहिल्या आठवड्यात मेलेले गर्भ जास्त असतील तर दोष बहुधा साठवणीत किंवा तापमानात असतो. पूर्ण वाढलेली, ओली पिले आत मेलेली सापडली तर पुढच्या खेपेला पाणी कमी करावे.