गेमला गुण कोण देतं? कन्सोल रिव्ह्यूतल्या आकड्याची चाळीस वर्षं

नागपुरात बर्डीवरच्या दुकानात सोनीच्या पीएस५ची, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम कन्सोलची, नवी डिस्क हातात घेतली, की दुसरा हात आपोआप मोबाईलकडे जातो. सोनीच्या मोठ्या गेमची किंमत ४,९९९ रुपयांपर्यंत जाते, तेव्हा विचार करूनच घ्यावं लागतं. मोबाईलवर त्या गेमच्या रिव्ह्यूचा शंभरपैकी एक आकडा दिसतो. ७४, ८६ किंवा ९३. हा आकडा आपण नकळत दहावीच्या मार्कशीटसारखा वाचतो: ३५ला पास, ६०ला फर्स्ट क्लास, ७५ला डिस्टिंक्शन. मग ६८ दिसले की वाटतं, बरा आहे की, फर्स्ट क्लास मिळालाय.

खरं तर त्या जगात ६८ म्हणजे जवळपास नापास. माप कुठून आलं आणि कसं सरकत गेलं, हे माहीत असेल तरच तो आकडा कामाचा.

सुरुवातीला आकडा नव्हताच. बिल कंकल, आर्नी कॅट्झ आणि जॉइस वर्ली या तिघांनी अमेरिकेत १९८१च्या हिवाळ्यात ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हे मासिक काढलं. त्यातलं परीक्षण मुख्यतः लेखी मत असायचं. वाचकही मर्यादित होते. बाकीचे लोक खोक्यावरचं चित्र बघून कॅसेट घ्यायचे. १९८२च्या नाताळात अटारी या अमेरिकन कंपनीने ‘ई. टी.’ हा गेम आणला. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना तो बनवायला जेमतेम पाच आठवडे मिळाले होते. त्यांच्या अटारी २६०० या कन्सोलसाठी कोणीही कॅसेट बनवून विकू शकत होतं, त्यामुळे दुकानं निकृष्ट मालाने भरली आणि १९८३मध्ये अमेरिकेतला धंदा कोसळला. न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरल्या गेल्या. २०१४मध्ये उकरल्यावर त्या खरोखरच सापडल्या. विकत घेण्याआधी कोणीतरी खेळून सांगायला हवं, ही गरज इथे उघडी पडली.

ब्रिटनमध्ये लगेचच टक्केवारी आली. ‘क्रॅश’ १९८४मध्ये आणि ‘झॅप ६४’ १९८५मध्ये निघालं. दोन्ही मासिकं घरगुती कॉम्प्युटरवरच्या गेमची, पण पुढे १९९०मध्ये आलेल्या ‘मीन मशीन्स’सारख्या कन्सोलच्या मासिकांनी तीच पद्धत उचलली: ग्राफिक्सला इतके, आवाजाला इतके, खेळण्यातल्या मजेला इतके आणि शेवटी एकूण. यात एक गोम आहे. एकूण गुण हे तुकड्यांची सरासरी असतातच असं नाही. ग्राफिक्स ९०, आवाज ९० आणि बटण दाबल्यावर पात्र उशिरा उडी मारतं, तर असा गेम ९०चा होऊच शकत नाही. आयजीएन या अमेरिकन गेम साइटनेही पुढे अनेक वर्षं तुकड्यांचे गुण दिले, पण एकूण आकड्याखाली ‘ही सरासरी नाही’ असं स्पष्ट छापलं. वाचक मात्र बेरीज करून भांडत राहिले.

जपानने वेगळा मार्ग काढला, आणि माझ्या मते तो आजवरचा सगळ्यात शहाणा मार्ग. १९८६मध्ये सुरू झालेल्या ‘फामित्सू’त एका गेमवर चार परीक्षक लिहितात. प्रत्येकाकडे १० गुण, एकूण ४०. चौघांचे आकडे वेगवेगळे छापले जातात, त्यामुळे ९, ९, ८, ५ असे गुण दिसले की वाचकाला लगेच कळतं: हा गेम एखाद्याला अजिबात झेपत नाही, तो मी तर नाही ना? सरासरी काढली की हीच माहिती मरते. ३०ला रौप्य, ३२ला सुवर्ण, ३५ला प्लॅटिनम. आपल्याकडे शंभरात ३५ मिळाले की सुटलो म्हणतात, तिथे चाळीसात ३५ हा सर्वोच्च मान. पूर्ण ४० मिळायला बारा वर्षं लागली: १९९८मध्ये ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ऑकारिना ऑफ टाइम’ला. अमेरिकेत ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’ने १९८९पासून चार परीक्षकांचीच पद्धत चालवली.

त्याच काळात आपल्याकडे घरोघरी निन्टेन्डोच्या नकली मशीन आल्या. पिवळी कॅसेट, वर ‘९९९९ इन १’ असं लेबल, आत मोजके गेम आणि तेच फिरवून फिरवून यादीत टाकलेले. इतवारी असो की सदर, दुकानदार टीव्हीला लावून दाखवेल तेवढाच रिव्ह्यू. छापील इंग्रजी परीक्षणं इथल्या वाचकाला नियमित मिळू लागली ती २००० नंतर, ‘डिजिट’ मासिकासोबत येणाऱ्या ‘स्कोअर’सारख्या पुरवण्यांतून. म्हणजे गुण देण्याची पद्धत घडत होती ती सगळी वर्षं आपण त्या वर्गाबाहेर होतो. आकडा आपल्यापर्यंत आला तो तयार होऊनच, कोष्टकाशिवाय.

ते कोष्टक अमेरिकन शाळेचं आहे. तिथे साधारणपणे ९०च्या वर ए, ८०च्या वर बी, ७०च्या वर सी आणि ६०च्या खाली एफ, म्हणजे नापास. तिथे वाढलेला परीक्षक १०पैकी ७ देतो तेव्हा त्याच्या मनात ‘ठीकठाक’ असतं, आणि ५ देतो तेव्हा ‘हात लावू नका’. म्हणूनच मोठ्या साइटवरचे बहुतेक गुण ७ ते ९च्या पट्ट्यात अडकलेले दिसतात. लोक याला गुणांची खिरापत म्हणतात. काही अंशी ते खरं आहे, पण मूळ कारण हे शाळेचं माप आहे. दुसरं कारणही साधं: सगळ्यात रद्दी गेमचा रिव्ह्यू लिहायला कोणी वेळच घालवत नाही, त्यामुळे खालचे गुण वापरलेच जात नाहीत. ब्रिटनचं ‘एज’ मासिक मात्र १०ची मोजपट्टी पूर्ण वापरायचं म्हणून ओळखलं जातं. १९९३मध्ये निघालेल्या या मासिकाने पहिला १० दिला तो १९९६मध्ये, ‘सुपर मारिओ ६४’ला. ‘एज’चा ६ आणि आयजीएनचा ६ एकाच तराजूत टाकणं चूक आहे.

नेमकं तेच पुढे झालं. १९९६मध्ये आयजीएन आणि गेमस्पॉट या साइट आल्या, आणि २००१च्या जानेवारीत मेटाक्रिटिक. कल्पना सोपी होती: सगळ्यांचे गुण गोळा करा, १००वर आणा, सरासरी काढा. अडचण ‘१००वर आणा’ या दोन शब्दांत आहे. पाचपैकी चार तारे म्हणजे ८०, इथवर ठीक. पण अक्षरी श्रेणी? अमेरिकन शाळेत बी मायनस म्हणजे ८०च्या आसपास. मेटाक्रिटिकच्या कोष्टकात बी ७५ला, बी मायनस ६७ला आणि सी ५०ला बसवलेला आहे. परीक्षकाने ‘चांगला आहे, थोडा कमी’ म्हणून दिलेली श्रेणी आकड्यात ‘मध्यम’ होऊन येते. शिवाय सरासरी सरळ नाही, भारित आहे. कोणत्या प्रकाशनाला किती वजन, हे मेटाक्रिटिक जाहीर करत नाही. ज्या रिव्ह्यूत गुणच नाहीत, ते सरासरीत येत नाहीत.

रंगांचाही घोळ आहे. सिनेमाला ६१पासून हिरवा रंग मिळतो. गेमला ७५ लागतात, ५० ते ७४ पिवळा आणि त्याखाली लाल. गेमचे गुण मुळातच वर चढलेले असतात, हे त्या साइटने स्वतःच्या रंगांतच मान्य केलंय. आपलं डिस्टिंक्शन तिथे हिरव्याचा उंबरठा आहे.

एका रिव्ह्यूने किती फरक पडतो, ते आकडेमोडीतच बघा. चार रिव्ह्यू झाले की मेटास्कोअर, म्हणजे मेटाक्रिटिकचा एकूण आकडा, लागतो. समजा गुण आले ९०, ८५, ८० आणि ४०. वजन सारखं धरलं तर बेरीज २९५, सरासरी ७३.७५, म्हणजे ७४, पिवळा. शेवटचा ४०च्या जागी ५० असता तर ७६, हिरवा. रिव्ह्यू जास्त असले तरी काठावर तोच खेळ होतो. ८० रिव्ह्यूंची सरासरी ८४.५ असेल तर ८५ दिसतात. त्यात ४०चा एकच रिव्ह्यू आला तर ८३.९५ होतात, म्हणजे ८४.

हा काठ पोटापाण्याचा होऊ शकतो. २०१०चा ‘फॉलआउट: न्यू वेगस’ ऑब्सिडियन या स्टुडिओने बनवला, प्रकाशक बेथेस्डा. मेटाक्रिटिकवर ८५ आले तर स्टुडिओला बोनस, असा करार होता. आले ८४. ही गोष्ट २०१२मध्ये ऑब्सिडियनच्या ख्रिस अ‍ॅव्हलोन यांनी जाहीर सांगितली. परीक्षक वाचकासाठी लिहीत होते. त्यांच्या गुणांवर कोणाचा तरी पगार ठरतोय, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. असा करार मला सरळ अन्याय वाटतो.

दबाव उलट बाजूनेही येतो. २००७च्या नोव्हेंबरमध्ये गेमस्पॉटच्या जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच: डेड मेन’ला १०पैकी ६ दिले. त्याच वेळी त्या गेमच्या जाहिराती साइटभर झळकत होत्या. महिनाअखेर त्यांना कामावरून काढलं. काही सहकारी पाठोपाठ बाहेर पडले आणि त्यातूनच ‘जायंट बॉम्ब’ ही साइट उभी राहिली. व्यवस्थापन प्रकाशकांच्या दबावापुढे झुकलं, हे गर्स्टमन २०१२मध्ये उघडपणे बोलले.

रोजच्या कामात मात्र दबावापेक्षा एम्बार्गो जास्त बघायला मिळतो. प्रकाशक गेम आधी देतो आणि अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंत छापायचं नाही, अशी अट घालतो. विक्रीच्या आठवडाभर आधीची वेळ दिली असेल तर प्रकाशकाला मालावर भरवसा आहे असं धरायला हरकत नाही. २०१४मध्ये ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ची विक्री अमेरिकेत मध्यरात्री सुरू झाली आणि रिव्ह्यूची वेळ होती दुपारी बाराची. पहिले बारा तास लोकांनी आंधळेपणाने पैसे दिले, आणि मग चेहरे गायब झालेल्या पात्रांची छायाचित्रं फिरू लागली.

तरीही सगळ्यात मोठा बदल पॅचने, म्हणजे विक्रीनंतर इंटरनेटवरून येणाऱ्या दुरुस्तीने, केला. कॅसेटमधला गेम बदलत नसे. परीक्षकाने खेळला तोच तुमच्या हातात यायचा, त्यामुळे १९९८चे गुण आजही त्याच वस्तूचे आहेत. पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६०पासून पॅच कन्सोलवर नेहमीचे झाले आणि गुण कोणत्या आवृत्तीचे, हा प्रश्न उभा राहिला. मेटाक्रिटिक तर प्रकाशनाने दिलेला पहिलाच आकडा धरतं, नंतर सुधारलेला नाही.

पीएस३वरचा २०११चा ‘स्कायरिम’ हे याचं उलटं उदाहरण: इथे गेम सुधारण्याऐवजी खेळता खेळता बिघडत जायचा. काही डझन तास खेळून झाले की सेव्ह फाइल फुगायची आणि गेम अडखळू लागायचा. पीएस३ची मेमरी २५६-२५६ एमबी अशी दोन भागांत तोडलेली होती. एक भाग भरला तरी दुसऱ्यातली रिकामी जागा सहज वापरता येत नव्हती. अंतिम मुदतीच्या घाईत खेळणाऱ्याला हा दोष दिसणं कठीण होतं. दिसला तो विकत घेणाऱ्याला.

आणि २०२०च्या डिसेंबरमधला ‘सायबरपंक २०७७’. परीक्षकांना आधी फक्त पीसीची आवृत्ती मिळाली आणि सुरुवातीला स्वतः रेकॉर्ड केलेलं चित्रण दाखवायलाही मनाई होती. रिव्ह्यू उत्तम आले. पीएस४वर मात्र गेम बंद पडत होता, वस्तूंच्या पृष्ठभागाचे पोत (टेक्स्चर) उशिरा उमटत होते. १७ डिसेंबरला सोनीने तो स्टोअरमधून काढला, तो परतला २०२१च्या जूनमध्ये. आकडा खोटा नव्हता. तो दुसऱ्याच मशीनचा होता.

या गोंधळाला कंटाळून युरोगेमर या ब्रिटिश साइटने २०१५मध्ये गुण बंद करून शिफारशीचे शिक्के सुरू केले. पॉलिगॉन या अमेरिकन साइटनेही २०१८मध्ये गुण सोडले. पण युरोगेमर २०२३मध्ये पाच ताऱ्यांवर परतलं, कारण आकडा नसला की वाचक सगळं वाचतो असं नाही, तो दुसरीकडचा आकडा बघतो. वापरकर्त्यांच्या गुणांचं तर विचारूच नका. २०२०च्या जूनमध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’वर पहिल्या काही तासांतच शून्यांचा पाऊस पडला. एवढ्या वेळात तो गेम पूर्ण होणं शक्यच नव्हतं. त्यानंतर मेटाक्रिटिकने विक्री सुरू झाल्यावर ३६ तास वापरकर्त्यांचे गुण स्वीकारणं थांबवलं.

तेव्हा दुकानात उभं राहून बघायचं ते एवढंच. मेटाक्रिटिकवर आधी आपला कन्सोल निवडा, पीसीचा आकडा नको. खाली किती रिव्ह्यू आहेत ते मोजा. दहाच्या आत असतील तर सरासरी विसरा आणि सगळ्यात कमी गुण देणाऱ्याचा रिव्ह्यू उघडा. त्याची तक्रार तुम्हाला खटकणारी नसेल तर निर्धास्त घ्या. रिव्ह्यूत कन्सोलचं नाव, पॅचची आवृत्ती, किती तास खेळला आणि कोणत्या मोडवर, हे लिहिलंय का ते शोधा. सेकंदाला ६० फ्रेमच्या मोडमध्ये एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचं असतं, ३०च्या मोडमध्ये ३३.३. मारामारीच्या गेममध्ये हा फरक बोटांना कळतो, गोष्टीच्या गेममध्ये फारसा नाही.

एक गोष्ट रिव्ह्यूत सहसा सापडत नाही आणि नागपूरकराला तीच लागते. सोनीने पीएस५साठी ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान सांगितलंय. मे महिन्यात इथे बाहेर ४५ अंश असतात आणि कूलरच्या खोलीत ३५च्या खाली येणं अवघड. मशीनच्या पंख्याचा आवाज किती, दोन तासांनी मशीन तापून बंद पडते का, हे वातानुकूलित खोलीत बसलेला परीक्षक सांगू शकत नाही. त्यासाठी शहरातच कोणाकडे तो गेम चालू असेल तर दुपारी तीन वाजता फोन करून विचारा.