आतडे भरून येणे (सिलिॲक रोग)

सिलिॲक रोग झालेल्या व्यक्तीने ग्लूटेन पूर्णपणे वर्ज्य केल्यावर लहान आतड्याचे बिघडलेले अस्तर हळूहळू पूर्ववत होते, त्याला आतडे भरून येणे म्हणतात. ग्लूटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतील प्रथिन. जनुकीय प्रवृत्ती असलेल्या काही माणसांत त्याच्यामुळे रोगप्रतिकारयंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. अस्तरावरचे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे (व्हिलाय) झिजून सपाट होतात आणि अन्नातले सत्त्व शोषायला जागा उरत नाही. लोह मुख्यतः आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषले जाते, आणि बिघाडही तिथेच जास्त असतो. म्हणून पोटाची काहीच तक्रार नसलेला, फक्त पंडुरोगाने थकलेला रुग्णही पुष्कळदा सापडतो.

डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय १९३० च्या दशकापासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पावाचा दुष्काळ पडला, तेव्हाच्या अनुभवाने तो बळावला असे सांगतात. १९५० मध्ये त्यांनी तो प्रबंधातून मांडला. उपचार आजही तोच आहे: ग्लूटेन टाळण्याचे आयुष्यभराचे पथ्य.

पोट शांत झाले म्हणजे आतडे भरले, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. जुलाब, पोटफुगी काही आठवड्यांत ओसरू शकतात. रक्तातली प्रतिपिंडे (आतड्यावर उलटलेल्या रोगप्रतिकारयंत्रणेची खूण असलेली प्रथिने) उतरायला महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. अस्तर सर्वांत मागे. गंमत अशी, की निरोगी आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात. पण पेशी नव्या येणे वेगळे आणि मोडलेली घडण पुन्हा उभी राहणे वेगळे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २०१० मधील अभ्यासात प्रौढ रुग्णांपैकी सुमारे ३४ टक्के जणांचे अस्तर दोन वर्षांत, तर ६६ टक्के जणांचे पाच वर्षांत भरून आले होते. मुलांत हे लवकर होते.

दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर याच उंचवट्यांवर असते. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने दूध बाधते आणि आतडे सुधारले की पुष्कळांना पुन्हा पचू लागते. लोह, फोलेट, ड जीवनसत्त्व यांची तूट भरून काढावी लागते. हाडांची घनताही तपासतात. निदानाआधीच गहू सोडला तर तपासण्या फसव्या येतात, म्हणून पथ्य चाचण्यांनंतर सुरू करायचे.

पथ्य पाळूनही त्रास चालूच राहिला, तर बहुतेक वेळा कुठूनतरी नकळत ग्लूटेन पोटात जात असते. खरा हट्टी, पथ्याला न जुमानणारा प्रकार विरळा. भारतात ‘ग्लूटेनमुक्त’ अन्नासाठी किलोमागे २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, पण ती पाकिटावरच्या मालाची. मराठी स्वयंपाकघर या पथ्याला तसे सोयीचे: तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा, साबुदाणा यांत मुळात ग्लूटेन नाही. फसगत होते ती आडवळणाने. बाजारच्या बांधानी (पीठ वगैरे मिसळलेल्या) हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा कणीक असते, आणि तो हिंग रोजच्या फोडणीत पडतो. थालिपीठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतोच. शिवाय गिरणी. गव्हामागोमाग ज्वारी टाकली की जात्यात अडकलेली कणीक ज्वारीच्या पिठात उतरते. ‘ज्वारीवरच ज्वारी दळा’ असे सांगूनही गिरणीच्या हवेत उडणारे पीठ राहतेच. म्हणून ज्यांना जमते ते घरगुती चक्की वेगळी ठेवतात आणि तिच्यात गहू कधीच घालत नाहीत.