दिवसाच्या वेळा आणि इंग्रजी शब्दयोगी अव्यये

इंग्रजीत सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र या अर्थाच्या शब्दांआधी 'ॲट', 'इन' आणि 'ऑन' यांपैकी कोणते शब्दयोगी अव्यय घालायचे, आणि कुठे यांतले एकही घालायचे नाही, यासंबंधीची रूढी. मराठीत हे काम शब्दाच्या शेवटी लागणारा सप्तमीचा प्रत्यय करतो: सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री. इंग्रजीत 'इन द मॉर्निंग', 'इन दि आफ्टरनून', 'इन दि इव्हनिंग' असे तीनदा म्हणून झाल्यावर चौथ्यांदा मात्र 'ॲट नाइट' म्हणावे लागते. एरवी सफाईने इंग्रजी बोलणारा मराठी माणूसही इथे थबकतो.

बडोद्यातल्या मराठी भाषकांपुढे हा प्रश्न दुहेरी उभा राहतो. दांडिया बाजार, रावपुरा अशा जुन्या वस्त्यांतल्या मराठी घरात 'सकाळी पाच वाजता' म्हणतात आणि दाराबाहेर पडले की 'सवारे पांच वाग्ये'. गुजरातीतही सवारे, बपोरे, सांजे, राते असा एकच 'ए' चारही वेळांना पुरतो. 'सोमवारी सकाळी' आणि 'सोमवारे सवारे' यांची घडण तर हुबेहूब सारखी. घरची आणि बाजारची अशा दोन्ही भाषा मुलाला एकच सवय लावतात आणि शाळेतली तिसरी भाषा ती सवय मोडायला सांगते. या शहरात इंग्रजीशी संबंध जुना आहे. बारा वर्षांच्या वयात गादीवर आणलेल्या सयाजीराव गायकवाडांना (तिसरे) १८७५ नंतर मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी असे चारही भाषांचे शिक्षण देण्यात आले. १८८१ साली सुरू झालेल्या बडोदा कॉलेजात पुढे अरविंद घोष इंग्रजी शिकवत असत. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हे कॉलेज सामावले गेले, आणि त्या विद्यापीठाचे माध्यम इंग्रजीच आहे.

ढोबळ नियम असा की नेमक्या क्षणाला 'ॲट', पसरलेल्या काळाला 'इन' आणि विशिष्ट दिवसाला 'ऑन'. रावपुऱ्यातल्या चिमणाबाई टॉवरचे घड्याळ जे जे दाखवते ते सगळे 'ॲट'चे: 'ॲट फाइव्ह', 'ॲट हाफ पास्ट सिक्स'. घड्याळाबाहेरचे पण क्षणासारखे मानलेले शब्दही याच गटात येतात: 'ॲट नून', 'ॲट मिडनाइट', 'ॲट सनराइज', 'ॲट सनसेट', 'ॲट डॉन'. ('नून' हा मुळात लॅटिनमधला, सूर्योदयापासूनचा नववा तास, म्हणजे सुमारे दुपारचे तीन. तो पुढे सरकत सरकत बारावर आला.) सकाळ, दुपार आणि संध्याकाळ हे तासन्‌तास चालणारे प्रहर, म्हणून त्यांना 'इन'.

पण त्याच सकाळीला एखाद्या वाराचे किंवा तिथीचे नाव चिकटले की 'इन' बाजूला होतो आणि 'ऑन' येतो: 'ऑन मंडे मॉर्निंग', 'ऑन द मॉर्निंग ऑफ दसरा'. इथे रात्रही हट्ट सोडते आणि 'ऑन द नाइट ऑफ कोजागिरी' होते. एखादे विशेषण लागून संध्याकाळ वेगळी ठरली तरी तेच: 'ऑन अ कोल्ड इव्हनिंग'. मराठी विद्यार्थ्याला हा भाग परका वाटायचे खरे तर कारण नाही. आपणही 'दिवसा झोपतो' आणि 'त्या दिवशी झोपलो' यांत फरक करतो. 'दिवसा' म्हणजे उजेडाचा पसरट काळ, 'दिवशी' म्हणजे दिवसांच्या रांगेतला एक ठराविक दिवस. इंग्रजीतला 'ऑन' बहुतेक ठिकाणी आपल्या 'दिवशी'च्या जागी बसतो. वर्गात हे एकदा सांगितले की 'ऑन'च्या चुका झपाट्याने कमी होतात, तरी पाठ्यपुस्तके ही जोडी क्वचितच वापरतात.

रात्रीचे प्रकरण याहून अवघड. 'ॲट नाइट' का, याचे एक स्पष्टीकरण असे देतात की रात्र हा कामधाम नसलेला, न विभागलेला एकसंध काळ, म्हणून तो एका बिंदूसारखा मानला गेला. ते पटो वा न पटो, प्रयोग पक्का आहे. मात्र 'इन द नाइट' चुकीचे असते असे नाही. बाळ रात्री उठते, ही त्याची सवय असेल तर 'ॲट नाइट'. काल बाळ रात्री तीनदा उठले, तर 'इन द नाइट', कारण आता आपण एकाच रात्रीच्या पोटात शिरून बोलतो आहोत. मराठीत दोन्हीकडे 'रात्री' असल्याने हा भेद ऐकूनच मुरवावा लागतो. त्यातून आर्टिकलचा घोळ: 'इन द मॉर्निंग'मध्ये 'द' हवेच, 'ॲट नाइट' आणि 'ॲट नून'मध्ये ते चालत नाही. 'इन मॉर्निंग' आणि 'ॲट द नाइट' या दोन चुका एकाच तोंडून ऐकू येतात, आणि मराठी-गुजरातीत आर्टिकल मुळातच नसल्याने त्यात नवल नाही.

तास आणि प्रहर एकत्र आले की दोन्ही अव्यये आपापल्या जागी राहतात: 'ॲट सेव्हन इन दि इव्हनिंग'. नवरात्रात रात्री दहाला गरबा सुरू होतो, हे सांगायला 'ॲट टेन ॲट नाइट' म्हणावे लागते. दोन 'ॲट' पाठोपाठ आलेले कानाला खटकतात, म्हणून विद्यार्थी त्यातला एक हमखास गाळतो. गाळू नये. शिवाय दोन्ही भाषांचे प्रहर एकमेकांवर नीट बसत नाहीत. देवळातली पहाटे चारची काकडआरती इंग्रजीत 'ॲट फोर इन द मॉर्निंग' होते. आपली पहाट उजाडण्याच्या आधीच सुरू होत असल्याने 'ॲट डॉन' म्हणून भागत नाही. रात्रीचे दोनसुद्धा तिथे 'टू इन द मॉर्निंग'. उलट आपण रात्रीचे आठ म्हणतो तेव्हा इंग्रजीत बहुधा संध्याकाळच चालू असते.

काही ठिकाणी अव्यय अजिबात नको. 'धिस', 'लास्ट', 'नेक्स्ट', 'एव्हरी', 'टुमॉरो', 'येस्टरडे' हे आधी आले की 'इन', 'ॲट', 'ऑन' तिन्ही गळतात: 'एव्हरी मॉर्निंग', 'टुमॉरो इव्हनिंग'. भारतभर ऐकू येणारे 'टुडे मॉर्निंग' इथेच जन्मते. 'उद्या सकाळी' आणि 'काल सकाळी' यांची शब्दशः रूपे, 'टुमॉरो मॉर्निंग' आणि 'येस्टरडे मॉर्निंग', इंग्रजीत चालतात. मग 'आज सकाळी'चेही चालेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तिथे 'धिस मॉर्निंग'च लागते, आज रात्रीला 'टुनाइट' आणि काल रात्रीला 'लास्ट नाइट'. गुजराती 'आजे सवारे'ही मराठीच्याच वाटेने जात असल्याने बडोद्यात ही चूक सुधारणारे आजूबाजूला काही नसते. शनिवार-रविवारच्या सुटीला ब्रिटिश 'ॲट द वीकेंड' म्हणतात आणि अमेरिकन 'ऑन द वीकेंड', दोन्ही बरोबर.

एवढ्यावरून हे सगळे नियमाने पाठ करायचे प्रकरण नाही, हे दिसते. मराठीतही सकाळ-सकाळी, दुपार-दुपारी असताना पहाट मात्र 'पहाटे' होते, आणि कुणी मूल 'पहाटी' म्हणत नाही, कारण त्याने तो शब्द अख्खाच ऐकलेला असतो. 'ॲट नाइट' हेही तसेच अख्खे उचलावे.

एका ठिकाणी मात्र बडोद्याच्या मराठी विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा सोपे जाते. मराठी 'पर्यंत' दोन कामे करते. 'संध्याकाळपर्यंत थांब' यात थांबणे चालूच राहते, तर 'संध्याकाळपर्यंत ब्लाउज शिवून द्या' यात संध्याकाळ ही शेवटची मुदत आहे. इंग्रजीत पहिल्याला 'टिल' आणि दुसऱ्याला 'बाय' लागते, आणि 'टिल इव्हनिंग गिव्ह मी' असली वाक्ये या गोंधळातून येतात. गुजरातीत हा भेद शब्दातच आहे: 'सांज सुधी बेसजे', पण 'सांज सुधीमां आपजे'. तेव्हा वाक्य आधी मनात गुजरातीत म्हणून पाहावे. 'सुधी'ला 'मां' लागत असेल तर 'बाय', नसेल तर 'टिल'.