रक्तघटकांचे गुणवत्ता नियंत्रण

रक्तदात्याच्या रक्तापासून वेगळ्या केलेल्या तांबड्या पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा (रक्तातला द्रवभाग), क्रायोप्रेसिपिटेट (प्लाझ्मातून वेगळा काढलेला, रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांचा साका) हे घटक रुग्णाला देण्याजोगे आहेत की नाहीत, याची रक्तपेढीत रोज होणारी पारख. भारतात रक्त कायद्याने औषध ठरते, म्हणून औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० त्याला लागू होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. कागदोपत्री आता ‘रक्तकेंद्र’ हा शब्द आहे. लोकांच्या तोंडी अजून रक्तपेढीच.

औषधाच्या कारखान्यात एका बॅचमधल्या चार गोळ्या तपासल्या की हजारोंचा अंदाज येतो. इथे प्रत्येक पिशवी हीच एक बॅच, कारण प्रत्येकीमागे वेगळा माणूस असतो. त्यातून पिशवी उघडून तपासली की ती रुग्णाच्या कामाची राहत नाही. म्हणून सगळी भिस्त दात्याची निवड, तापमान आणि वेळ यांवर असते.

सुरुवात मोरचुदाने होते. मोसंबीच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावणाऱ्या जालन्याच्या शेतकऱ्याला हे निळे खडे ओळखीचे आहेत. ठरावीक घनतेच्या मोरचुदाच्या द्रावणात बोटातल्या रक्ताचा थेंब सोडतात. पंधरा सेकंदांत तो तळाशी गेला, तर हिमोग्लोबिन १२.५ किंवा त्याहून जास्त. तरंगत राहिला तर दाता परत. शिबिरांत अशा परत जाणाऱ्यांत बाया-मुली बऱ्याच असतात. त्यांना लोहाच्या गोळ्यांविषयी दोन शब्द न सांगता नुसते परत पाठवणे हा अर्धवट कारभार आहे.

मराठवाड्यात खरी परीक्षा अंतराची आणि उन्हाची. किनवटच्या शिबिरातली पिशवी नांदेडला पोहोचायची तर शंभराहून अधिक किलोमीटरचा रस्ता, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार. प्लेटलेट काढायच्या असतील तर रक्त बर्फावर ठेवून चालत नाही. ते २० ते २४ अंशांत राखून सहा ते आठ तासांत घटक वेगळे करावे लागतात. उशीर झाला की प्लेटलेट हातच्या जातात, तांबड्या पेशी तेवढ्या उरतात.

तयार घटकांपैकी दरमहा साधारण एक टक्का, किमान चार पिशव्या, सखोल तपासणीला काढतात. ४५० मिली रक्तातून निघालेल्या प्लेटलेटच्या पिशवीत किमान ४,५०० कोटी प्लेटलेट असाव्या लागतात, आणि मुदत संपेपर्यंत सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ६ च्या खाली जाऊ नये. ही मुदत जेमतेम पाच दिवसांची. डोळ्यांची परीक्षा मात्र प्रत्येक पिशवीची होते. पिशवी उजेडासमोर धरून हलकेच हलवली की निरोगी प्लेटलेट धुरासारख्या चमकत भोवरे घेतात. भोवरा दिसला नाही, तर अनुभवी तंत्रज्ञ ती पिशवी बाजूला काढतो. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली आणि बाहेर नातेवाइकांची रांग लागली, तरी हा एक क्षण टळता कामा नये.

प्लाझ्मा उणे ३० अंशांखाली वर्षभर टिकतो. वीज गेली आणि जनरेटर वेळेवर चालू झाला नाही, तर तो वितळून पुन्हा गोठू शकतो, आणि वरून काहीच कळत नाही. त्यावर एक साधी युक्ती आहे: गोठवताना पिशवीच्या मध्यावर रबरबँड लावायचा, गोठल्यावर काढायचा. जी खाच उरते ती बुजलेली दिसली, की प्लाझ्मा मध्ये केव्हातरी वितळला होता.

एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग (सिफिलिस) व हिवताप यांची चाचणी प्रत्येक पिशवीसाठी सक्तीची आहे. तरी संसर्गाच्या अगदी सुरुवातीचा काळ चाचणीतून निसटू शकतो. म्हणून दात्याला विचारलेले प्रश्न आणि त्याने दिलेली खरी उत्तरे यांचे मोल यंत्राइतकेच.

पेढीबाहेर पडलेली पिशवी बहुधा नातेवाइकाच्या हाती जाते. कुणी ती बर्फाला चिकटवून नेतो आणि तांबड्या पेशी फुटतात. कुणी मोटारसायकलच्या डिकीत टाकतो. अर्ध्या तासाहून जास्त वेळ थंडाव्याबाहेर राहिलेली पिशवी पेढी परत साठ्यात घेत नाही. रक्त चढवून झाल्यावरही रुग्णाचा आणि त्या पिशवीचा नमुना सात दिवस फ्रीजमध्ये जपून ठेवतात. रुग्णाला थंडी वाजून आली, लघवी लाल झाली, तर त्याच नळ्या काढून क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचे रक्त जुळते का याची चाचणी, पुन्हा लावला जातो.