वादळात गोठ्याचे पत्रे उडाले? आम्ही येईपर्यंत पत्रा परत चढवू नका

रात्री वारा झाला की सकाळी सहापासून आमचा फोन सुरू होतो. प्रश्न ठरलेला: "दहा फुटी बारा पत्रे गेलेत, किती होतील?" फोनवर आकडा सांगायला काय जाते? पण तो टिकत नाही, म्हणून आम्ही सांगत नाही. त्यावरून लोक रागावतात.

आधी मेन स्विच पाडा आणि गुरे दुसरीकडे बांधा. काहीही आवरण्यापूर्वी पडझडीचे चारी बाजूंनी फोटो काढून तलाठ्यांना कळवा. सगळे जागेवर लागल्यावर पंचनामा करायला काही उरत नाही.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक जण त्याच दिवशी शेतात पडलेले पत्रे गोळा करतात, पायाने दाबून सरळ करतात आणि जुन्याच भोकांत खिळे मारून, बाइंडिंग तारेने आवळून वर चढवतात. पाऊस तोंडावर, म्हैस दुभती, तेव्हा घाई आम्हालाही कळते. पण उडताना पत्रा स्क्रूतून फाटून निघतो, भोक लांबट होते आणि त्यात नवा स्क्रू धरत नाही. शिवाय सांगाडा कलला आहे की नाही, हे कुणी बघितलेलेच नसते. कललेल्या सांगाड्यावर पहिले दोन पत्रे बरोबर बसतात, सहाव्याला एक टोक वीतभर बाहेर जाते. मग आम्ही येऊन सगळे उतरवतो, पाइप गुण्यात (काटकोनात) आणतो आणि पुन्हा सुरुवात करतो. एका दिवसाचे काम तीन दिवसांवर जाते आणि उतरवायची मजुरी बिलात दिसली की वाद होतो.

तोवर ताडपत्री टाका. तिची दोरी छपराला नको, खांबाच्या बुडाशी बांधा. आणि कृपा करून वर दगड ठेवू नका. पत्रा उचलला गेला की दगड घरंगळत वळचणीवरून खाली येतो, आणि खाली वासरू बांधलेले असते.

आम्ही आल्यावर पहिल्यांदा टेप काढतो. दोन्ही कर्ण मोजतो; ते सारखे भरले तर सांगाडा चौकोनात आहे आणि निम्मे काम वाचले. मोजणीचे पैसे घेत नाही.

आमच्या कोटेशनमध्ये स्क्रू जास्त दिसतात, त्यावरूनही बोलणी खातो. वारा पत्रा आधी कडेला आणि कोपऱ्यात उचलतो. म्हणून वळचणीला आणि कडेच्या पत्र्यांना आम्ही पत्र्याच्या प्रत्येक नळीवर (लाटेवर) स्क्रू मारतो, मधल्या भागात एकाआड एक. स्क्रू नळीच्या उंचवट्यावरच, रबरी वॉशरसकट. खोलगटात मारला तर तिथूनच गळते. आपल्या रायगडात पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकापासून टाकत येतो. त्यामुळे जोडाची उघडी कड वाऱ्याकडे राहत नाही. पश्चिमेला तोंड असलेला उघडा गोठा असेल तर वारा आत शिरून छप्पर खालूनही ढकलतो; तिथे अर्धी भिंत किंवा जाड शेडनेट लावायचे आम्ही आवर्जून सुचवतो. नको असेल तर आग्रह नाही.

३ जून २०२० ला 'निसर्ग' श्रीवर्धनच्या किनाऱ्याला धडकले, पुढच्या मे महिन्यात 'तौक्ते' आले. दोन्ही वेळा सगळ्यांना एकाच आठवड्यात पत्रा हवा होता. तेव्हा रांगेत ज्यांचा नंबर मागे होता, त्यांना अजून आमचा राग आहे. त्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्ये एकदा शिडी लावून बघा: वॉशर तडकलेत का, स्क्रू हाताने फिरतो का, वळचणीचा पत्रा दाबल्यावर वाजतो का. वाजत असेल तर तेव्हाच बोलवा. त्या दिवसांत आम्ही मोकळे असतो आणि चार डझन स्क्रूंसाठीही येतो.